कंपायलरच्या वर्गात कोबोलला जागा का नाही?

वाचकाचे पत्र: पुण्यातील एका कंपनीत मी साडेतीन वर्षे एका परदेशी विमा कंपनीच्या, कोबोल या व्यवसायाच्या कामासाठीच्या जुन्या भाषेतील प्रोग्रामांची देखभाल केली. आता नोकरी सोडून एम.टेक.ला प्रवेश घेतला आहे. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम, हा माझा सर्वांत आवडता विषय आहे, परंतु संपूर्ण सत्रात कोबोलचे नाव एकदाही निघाले नाही. आरपीजी आणि पीएल/वन या तशाच जुन्या भाषांचेही नाही. वर्गात विचारले तेव्हा सर म्हणाले, ‘कंपायलरच्या दृष्टीने त्या भाषांत शिकण्यासारखे काही नाही.’ ज्या भाषेवर मी साडेतीन वर्षे पोट भरले, तिच्यात खरोखरच काही नाही का? प्रबंध याच विषयावर करावा असे मनात आहे; पण गाईड तयार होतील असे वाटत नाही, आणि झाले तरी पुढे मुलाखतीत लोक मला जुन्या जमान्यातला समजतील अशी भीती वाटते. काय करावे? – एक विद्यार्थी, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि ते आधी सोडवून घ्यायला हवेत. कंपायलरच्या पहिल्या अभ्यासक्रमात कोबोल शिकवावी का, हा एक प्रश्न. आणि कंपायलरच्या अभ्यासकाला कोबोलकडून शिकण्यासारखे काही आहे का, हा दुसरा. पहिल्याला माझे उत्तर ‘नको’ असे आहे आणि दुसऱ्याला ‘पुष्कळ आहे’ असे. तुमच्या सरांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला देऊन टाकले. ही चूक त्यांची एकट्याची नाही. साठ वर्षांहून अधिक काळ या विषयाचे शिक्षक ती करत आले आहेत आणि काही वर्षे मीही केली. नव्वदीच्या दशकात कोबोल प्रोग्रामांच्या देखभालीपासून माझी सुरुवात झाली, पुढे कंपायलरच्या कामात गेले आणि नंतर बरीच वर्षे हा विषय शिकवला. शिकवताना मीसुद्धा स्वतःच्या पहिल्या भाषेचे नाव वर्गात घेत नसे. याची आज मला खंत वाटते, म्हणून तुमच्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते आहे.

कोबोल अभ्यासक्रमाबाहेर का राहिली, याचे मूळ तिच्या जन्मातच आहे. एप्रिल १९५९ मध्ये बरोज या संगणक कंपनीच्या मेरी हॉज यांच्या पुढाकाराने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काही मंडळी जमली आणि व्यवसायाच्या कामासाठी सर्व यंत्रांवर चालेल अशी एकच भाषा हवी, असे तिथे ठरले. त्यानंतर २८ आणि २९ मे रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाखाली पेंटागॉनमध्ये मोठी बैठक झाली. तिचे अध्यक्ष त्या खात्यातील चार्ल्स फिलिप्स होते. यातून जी समिती नेमली गेली, तिच्यात संगणक बनवणाऱ्या कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे प्रतिनिधी होते. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा पाया घेऊन, जीन सॅमेट, गर्ट्रूड टियर्नी आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांत कोबोलचा आराखडा पुरा केला. विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञांचा यात जवळजवळ सहभाग नव्हता.

याच सुमारास दुसऱ्या घरात दुसरे बाळ जन्माला येत होते. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला युरोप आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी अल्गोल-६० ला अंतिम रूप दिले. ही भाषा बहुतांशी विद्यापीठांची आणि संशोधकांची होती. तिचा अहवाल पीटर नाऊर यांनी संपादित केला आणि त्यात जॉन बॅकस यांची व्याकरण लिहिण्याची पद्धत वापरली. तीच पुढे बॅकस-नाऊर पद्धत म्हणून प्रत्येक कंपायलरच्या वर्गात पहिल्या महिन्यात शिकवली जाऊ लागली. कोबोलच्या अहवालाचीही स्वतःची पद्धत होती: महिरपी कंसात एकाखाली एक पर्याय, चौकोनी कंसात ऐच्छिक भाग, आणि जे शब्द लिहिलेच पाहिजेत ते अधोरेखित. मॅन्युअल वाचणाऱ्या प्रोग्रामरला ती पद्धत फार सोयीची आहे आणि आजही कोबोलची काही मॅन्युअले थोड्याफार फरकाने तशीच छापली जातात. परंतु १९६५ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी पार्सिंगचा, म्हणजे प्रोग्रामच्या वाक्यांची रचना ओळखण्याचा, जो सिद्धांत मांडला आणि त्यावरून पुढे पार्सर घडवणारी याकसारखी जी साधने तयार झाली, ती सगळी अल्गोलच्या पद्धतीचे व्याकरण गृहीत धरून बनली. ज्या भाषेचे व्याकरण त्या साच्यात सहज बसते ती ‘चांगली’ भाषा आणि जिचे बसत नाही ती ‘ओबडधोबड’, असा समज तिथून रुजला. सिद्धांत एका घरातल्या भाषांना डोळ्यांपुढे ठेवून रचला गेला आणि मग त्याच सिद्धांताने दुसऱ्या घरातल्या भाषेला नापास केले, असे मी याकडे पाहते.

याच अल्गोल-६० मध्ये माहिती आत घेण्याची आणि बाहेर छापण्याची एकही आज्ञा प्रमाणित नव्हती, आणि वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधणारी नोंद, म्हणजे रेकॉर्ड, ही रचनाही नव्हती. कोबोलमध्ये दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून होत्या. एका भाषेला गणिती रीत सांगायची होती, दुसरीला वीजबिल छापायचे होते.

यंत्रांचाही यात मोठा वाटा आहे. विद्यार्थ्याला कंपायलर शिकायचा तर त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, वाचायला मिळावा लागतो. झुरिकमध्ये निक्लाउस विर्थ यांच्या गटाने सत्तरच्या दशकात पास्कलचा असा कंपायलर विद्यापीठांना दिला की तो कुठल्याही यंत्रावर नेता येई. युनिक्स या कार्यप्रणालीबरोबर सी भाषेचा कंपायलर विद्यापीठांत पोचला. कोबोलचे कंपायलर मात्र मेनफ्रेम, म्हणजे मोठे संगणक, विकणाऱ्या कंपन्यांच्या कुलुपात राहिले. जे वाचता येत नाही त्यावर कोण शिकवणार? त्यातच नव्या प्रोसेसरांतून दशमान अंकगणिताच्या आज्ञा नाहीशा होत गेल्या. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांत दशमान अंक जुळवणाऱ्या काही आज्ञा होत्या. ६४ बिटांच्या रूपात त्या काढून टाकल्या गेल्या. मग पुस्तकातल्या कोड जनरेशनच्या, म्हणजे यंत्राच्या आज्ञा तयार करण्याच्या, प्रकरणात दशमान गणिताला जागा कुठून मिळणार!

प्रतिष्ठेचा प्रश्नही मी टाळणार नाही. १९७५ मध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा या नामांकित संगणकशास्त्रज्ञांनी कोबोलच्या वापराने बुद्धी पंगू होते, म्हणून ती शिकवणे हा गुन्हा मानावा, अशा अर्थाचे विधान केले. डाइक्स्ट्रा यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही या एका वाक्याने आमच्या क्षेत्राचे जे नुकसान केले ते थोडेथोडके नाही, कारण ते वाक्य माहीत असलेल्या प्राध्यापकांपैकी बहुतेकांनी कोबोलचा एकही प्रोग्राम वाचलेला नसतो. १९८५ मध्ये बेन श्नायडरमन यांनी कोबोल आणि संगणकशास्त्र यांच्यातील या दुराव्यावरच एक लेख लिहिला आणि त्याची ऐतिहासिक, सामाजिक व तांत्रिक अशी तिन्ही अंगांची कारणे तपासली. म्हणजे तुम्हाला पडलेला प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी एका मान्यवर शास्त्रज्ञाला पडला होता. गाईडपुढे जाताना हे लक्षात असू द्या.

आता तिच्यात ‘शिकण्यासारखे’ काय आहे ते पाहू. यादी करत बसले तर ती लांबेल, म्हणून तीन गोष्टी जवळून दाखवते.

पहिली गोष्ट पार्सिंगची. कोबोलमध्ये ‘इफ अ = ब ऑर क’ असे लिहिता येते. क ही साधी राशी (व्हेरिएबल) असेल तर याचा अर्थ ‘अ हा ब इतका आहे किंवा क इतका आहे’ असा होतो. परंतु क हे डेटा डिव्हिजनमध्ये, म्हणजे राशी जाहीर करण्याच्या भागात, ८८ या पातळीखाली जाहीर केलेले अट-नाव असेल, तर त्याच ओळीचा अर्थ ‘अ हा ब इतका आहे, किंवा क ही अट खरी आहे’ असा होतो. शब्द तेच, क्रम तोच. वाक्याची रचना मात्र वेगळी, आणि ती कोणती हे ठरवायला पार्सरला सिंबॉल टेबल, म्हणजे जाहीर केलेल्या नावांची यादी, उघडून पाहावे लागते. सी भाषेतील ‘टाइपडेफ’ची अडचण, म्हणजे एखादे नाव प्रकाराचे की राशीचे हे आधी पाहावे लागणे, वर्गात तुम्हाला नक्कीच शिकवली असेल, ही तिचीच मोठी बहीण आहे. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे एन्व्हायर्न्मेंट डिव्हिजनमध्ये ‘डेसिमल-पॉइंट इज कॉमा’ असे एक वाक्य लिहिले की पुढच्या संपूर्ण प्रोग्रामात टिंब आणि स्वल्पविराम यांची कामे अदलाबदल होतात. म्हणजे प्रोग्रामचा वरचा भाग खालच्या भागाचे शब्द कसे तोडायचे हे ठरवतो. शब्द आधी तोडावेत, वाक्य नंतर बांधावे आणि अर्थ शेवटी लावावा अशा तीन खोल्यांत आपण कंपायलर शिकवतो. कोबोलमध्ये या खोल्यांची दारे एकमेकींत उघडतात.

दुसरी गोष्ट पिक्चरची, म्हणजे राशीचे रूप सांगणाऱ्या घोषणेची. तुम्ही हजारो वेळा ‘पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३’ असे लिहिले किंवा वाचले असेल. एका सामान्य प्रोग्रामरच्या हातून उतरलेल्या या ओळीत कंपायलरला किती माहिती मिळते ते पाहा. राशीला चिन्ह आहे, दशांशचिन्हाआधी सात आणि नंतर दोन अंक आहेत, दशांशचिन्ह साठवायचे नाही, फक्त मानायचे आहे, आणि अंक दोन-दोन करून एकेका बाइटमध्ये भरायचे आहेत. १२,३४५.६७ ही रक्कम आयबीएमच्या यंत्रात पाच बाइटांत ००, १२, ३४, ५६, ७सी अशी बसते. शेवटचे अर्धे बाइट चिन्हाचे, आणि तिथे सी म्हणजे धन. मेमरीचा डम्प, म्हणजे तिच्यातल्या बाइटांची छापील नक्कल, हातात घेतला की रक्कम जशीच्या तशी वाचता येते. इथे दहा पैसे म्हणजे नेमके दहा पैसेच असतात, कारण द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या पूर्णपणे लिहिताच येत नाही आणि दशमानात येते. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मध्ये या प्रकारच्या राशींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार करणाऱ्या स्वतंत्र आज्ञा होत्या. अंकांत स्वल्पविराम भरून आणि पुढची शून्ये गाळून छापण्याजोगी रक्कम तयार करणारी ‘एडिट’ नावाची आज्ञाही होती. छपाईच्या पिक्चरमध्ये स्वल्पविराम कुठे घालायचे हे प्रोग्रामर स्वतः लिहितो; त्यामुळे ‘झेड,झेडझेड,झेडझेड९.९९’ असे लिहिले की १,२३,४५६.७८ अशी रक्कम आपल्या लाखाच्या रीतीने छापली जाते. पेंटागॉनमध्ये बसलेल्या त्या मंडळींनी लाख-कोटींचा विचार केला असण्याची शक्यता कमीच, पण त्यांची कल्पना इतकी नेमकी होती की आपली रीत तिच्यात आपोआप बसली. मला ही गोष्ट पहिल्यांदा उमगली तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

कंपायलरच्या अभ्यासकासाठी याच्या पोटात खरे काम दडलेले आहे. सीमध्ये ‘इंट’ म्हटले की राशीची किंमत किती असू शकेल याबद्दल कंपायलरला फारसे काही कळत नाही. ‘पिक ९(४)’ म्हटले की ती शून्य ते ९,९९९ च्या बाहेर जाऊ नये हे कळते, आणि गेली तर वरचे अंक कापायचे की चूक कळवायची याचे नियमही भाषेनेच दिलेले आहेत. हे कापणे महाग असते. ते कुठे करायलाच हवे आणि कुठे वगळले तरी उत्तर बदलणार नाही, हे ठरवणे म्हणजे तुम्ही या सत्रात शिकलेले, प्रोग्राममधून किमती कशा वाहतात ते तपासणारे डेटा-फ्लो अॅनालिसिसच आहे. २०१३ मध्ये आयबीएमने मेनफ्रेमवरच्या कोबोल कंपायलरची पाचवी आवृत्ती आणली, तेव्हा तिचा मागचा भाग जावा भाषेच्या जेआयटी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच भाषांतर करणाऱ्या, कंपायलरसाठी घडवलेल्या तंत्रज्ञानावर नव्याने उभारला. पुढे २०१७ मध्ये आलेल्या झेड-१४ या मेनफ्रेममध्ये पॅक्ड डेसिमल, म्हणजे वर पाहिलेल्या दोन-दोन अंकांच्या राशींचे, गणित मेमरीऐवजी प्रोसेसरच्या आतल्या व्हेक्टर रजिस्टरांत करणाऱ्या आज्ञा घातल्या गेल्या. आणि २००८ च्या आयईईई-७५४ या संगणकीय अंकगणिताच्या मानकात दशमान फ्लोटिंग पॉइंटचा समावेश झाला, त्यामागे माइक काउलिशॉ यांचे अनेक वर्षांचे काम होते. ज्या भाषेत ‘काही नाही’ असे आपण वर्गात सांगतो, तिच्यासाठी प्रोसेसर बदलले जात आहेत.

तिसरी गोष्ट परफॉर्मची, म्हणजे पॅरेग्राफ नावाचा प्रोग्रामचा तुकडा चालवून परत येण्याच्या आज्ञेची. तिच्याशी माझे वैर जुने आहे. १९९८ साली आम्ही एका परदेशी ग्राहकाचे प्रोग्राम दोन हजार सालासाठी तपासत होतो. महिनाअखेरच्या चाचणीत मोजक्याच खात्यांवर व्याज दोनदा जमा होत होते, तारखांशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि तीन रात्री आम्हाला कारण सापडले नाही. प्रोग्राममध्ये ‘व्याज काढा’पासून ‘व्याज संपले’पर्यंतचे पॅरेग्राफ एके ठिकाणी परफॉर्म केले होते. मधे एखादी नोंद चुकीची निघाली तर तिथूनच ‘गो टू’ने बाहेर उडी मारून पुढची नोंद वाचायला जायचे, अशी वाट कुणीतरी वर्षानुवर्षांपूर्वी काढून ठेवली होती. आता पाहा: कोबोलच्या पॅरेग्राफला फंक्शनसारखे कुंपण नसते. एकामागून एक चालत आलात तर त्याच्या शेवटातून सरळ पुढच्या पॅरेग्राफात जाता. परफॉर्मने आलात तर शेवटाशी पोचताच मागे परतता. त्यामुळे प्रत्येक परफॉर्म झालेल्या पॅरेग्राफच्या शेवटी कंपायलरला एक अदृश्य दार ठेवावे लागते आणि कुठे परतायचे तो पत्ता त्या दाराशी लिहून ठेवावा लागतो. आमच्या प्रोग्रामात मधूनच उडी मारल्यामुळे दारावरचा पत्ता पुसलाच गेला नव्हता. महिनाअखेरीच्या वाटेने नियंत्रण त्याच पॅरेग्राफांतून परफॉर्म न करता, चालत आले, शेवटाशी पोचले, आणि तो शिळा पत्ता वाचून प्रोग्रामच्या भलत्याच भागात, व्याज जमा करण्याच्या ओळीवर, परत गेले. ज्या महिन्यात चुकीची नोंद नसे त्या महिन्यात सगळे सुरळीत. दुरुस्ती एका ओळीची होती. शोधाला मात्र तीन रात्री लागल्या, कारण तेव्हा आमच्या कुणाच्याही डोळ्यांपुढे त्या दाराचे चित्र नव्हते. ज्या अभ्यासक्रमांतून आम्ही आलो होतो त्यांत ते दाखवलेच नव्हते.

अशी परिस्थिती सगळे कंपायलर सारखी हाताळत नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे. काही प्रत्येक पॅरेग्राफच्या शेवटी पत्त्याची एक जागा राखतात, काही परतीचे पत्ते स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचून, ठेवतात आणि सर्वांत वरचा पत्ता याच शेवटाचा असेल तरच परततात. एकमेकांत गुंतलेल्या परफॉर्मबाबत दोन्ही रीतींची उत्तरे वेगळी येऊ शकतात. तोच प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना ही सुप्त दारे उघडतील का, हे प्रोग्राम न चालवता सांगणे हा खराखुरा संशोधनाचा प्रश्न आहे.

आणि त्यावर काम झालेले आहे. १९९९ मध्ये जॉन फील्ड आणि जी. रामलिंगम यांनी कोबोल प्रोग्रामांतून फंक्शनसारखी रचना ओळखून काढण्यावर शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी या दोघांनी फ्रँक टिप यांच्यासह कोबोलच्या नोंदींच्या पोटातली खरी रचना विश्लेषणाने शोधण्याची पद्धत पॉपल या परिषदेत मांडली, आणि पॉपल म्हणजे प्रोग्रामिंग भाषांच्या सिद्धांतातील सर्वांत मानाची जागा, हे तुमच्या गाईडना सांगावे लागणार नाही. नेदरलँड्समध्ये राल्फ लेमेल आणि क्रिस फेरहूफ यांनी आयबीएमच्या मॅन्युअलमधील व्याकरणाच्या आकृत्यांवरून कोबोलचे व्याकरण परत मिळवले आणि ते सर्वांना खुले केले. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रातही जुन्या प्रोग्रामांच्या विश्लेषणाच्या साधनांवर काम झाले आहे; तुम्ही साडेतीन वर्षे ज्या शहरात काम केलेत तिथलीच ही गोष्ट. मात्र यातले बहुतेक काम ‘देखभाल’ किंवा ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’ या नावाच्या परिषदांत मांडले गेले, कंपायलरच्या नाही. त्यामुळे कंपायलरचे पुस्तक लिहिणाऱ्याच्या मेजावर ते पोचत नाही. तुमच्या सरांना ते दिसले नसेल तर त्याचे कारण मुख्यतः हेच आहे.

सरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. चाळीसेक तासांच्या विषयात शिक्षकाला रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे), स्कोप, हीप, टाइप चेकिंग हे सगळे शिकवायचे असते. पारंपरिक कोबोलमध्ये रिकर्शन नाही, स्थानिक राशी नाहीत आणि बहुतेक सारी मेमरी आधीच आखलेली असते. म्हणजे अभ्यासक्रमाचा निम्मा भाग दाखवायला तिच्यात उदाहरणच मिळत नाही. उलट तिचे व्याकरण एवढे मोठे आणि राखीव शब्द इतके शेकड्यांनी आहेत की विद्यार्थी पार्सरमध्येच अडकून बसतील. छोटी, नेटकी भाषा घेऊन पहिला कंपायलर शिकवणे योग्यच आहे. पीएल/वनमध्ये शब्द राखीव नसल्यामुळे ‘इफ’ नावाची राशीसुद्धा चालते, एवढीच तिची ओळख पुस्तकांत उरली आहे. आणि आरपीजीमध्ये नोंद वाचा, हिशेब करा, छापा हे मुख्य चक्र प्रोग्रामर लिहीतच नाही, भाषाच ते पुरवते, ही सुंदर कल्पना तर तेवढीही उरलेली नाही. पहिल्या अभ्यासक्रमात या भाषा नसाव्यात हे मला मान्य आहे. दुसऱ्या, वैकल्पिक अभ्यासक्रमातही त्या नसाव्यात हे मात्र अजिबात मान्य नाही.

आता तुमच्या प्रबंधाविषयी. गाईडकडे ‘मला कोबोलवर प्रबंध करायचा आहे’ असे म्हणत जाऊ नका. त्यांना भाषेचे नाव ऐकू येईल, प्रश्न ऐकू येणार नाही. ‘कोबोल आजही बँकांत चालते, म्हणून ती महत्त्वाची’ हा युक्तिवादही नको. तो खरा आहे, पण संशोधनाच्या समितीला त्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रश्न घेऊन जा. ‘ज्या भाषेत फंक्शनच्या शेवटी परतायचे की पुढे जायचे हे चालू असतानाच ठरते, तिथे नियंत्रणाचा आलेख, म्हणजे कुठून कुठे जाता येते त्याचा नकाशा, नेमका कसा काढावा?’ किंवा ‘राशीच्या घोषणेतच तिची मर्यादा दिलेली असेल तर दशमान गणितातील किती कापणी कंपायलर वाचवू शकेल?’ यांपैकी पहिला प्रश्न तुम्ही घ्यावा असे मला वाटते, कारण साडेतीन वर्षांत असे प्रोग्राम तुम्ही पाहिलेले आहेत आणि कुठे काय बिघडते याची जाण तुमच्या वर्गात दुसऱ्या कुणाला नसणार. भाषेचा लहानसा भाग निवडा: मूव्ह, अॅड, इफ, गो टू आणि परफॉर्म एवढे पुरे. ‘अल्टर’ला हात लावू नका; चालू प्रोग्राममध्ये ‘गो टू’चे ठिकाण बदलणारी ती आज्ञा १९८५ च्या मानकाने कालबाह्य ठरवली आणि २००२ च्या मानकाने काढून टाकली. जुन्या कंपनीतला एकही प्रोग्राम, नावे बदलूनसुद्धा, वापरू नका. तो त्यांचा आहे. त्याची गरजही नाही, कारण कोबोल-८५ साठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने केलेला मोठा चाचणीसंच सर्वांना खुला आहे.

साधनांची अडचण तर आता उरलीच नाही. आमच्या वेळी कोबोल कंपायलरचा सोर्स पाहायला मिळणे अशक्य होते. आज ओपनकोबोल या नावाने सुरू झालेला ग्नू-कोबोल हा कंपायलर मोफत मिळतो आणि तो कोबोलचे सीमध्ये भाषांतर करतो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी या अनेक भाषांच्या मोफत कंपायलरसंचाच्या पंधराव्या आवृत्तीत कोबोलचा स्वतंत्र फ्रंट-एंड, म्हणजे ती भाषा वाचणारा भाग, समाविष्ट झाला आहे. सी, फोरट्रान आणि अडा यांच्या शेजारी कोबोल बसायला एवढी वर्षे लागली, पण बसली. तुमच्या गाईडना जीसीसीची माहिती असणारच. आपल्याकडे आयआयटी मुंबईत त्यावर वर्षानुवर्षे चांगले काम झाले आहे. बोलण्याची सुरुवात तिथून केलीत तर ऐकून घेतले जाईल.

‘जुन्या जमान्यातला’ समजले जाण्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मलाही ती होती आणि तिच्यापायीच मी वर्गात गप्प राहिले. मुलाखतीत तुम्ही ‘कोबोल येते’ एवढेच सांगितलेत तर ती खरी ठरू शकते. परंतु नियंत्रणाच्या आलेखाबद्दल आणि एका कंपायलरमधून दुसऱ्यात जाताना बदलणाऱ्या अर्थाबद्दल तुम्ही दहा मिनिटे नीट बोललात, तर समोरचा माणूस तुम्हाला कंपायलरचा माणूस म्हणूनच ऐकेल. एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे असे जाहीर आवाहन करावे लागले. त्या वेळी अडचण फक्त हातांची नव्हती. जुन्या प्रोग्रामचा अर्थ खात्रीने सांगणारी साधने पुरेशी असती तर इतकी धावपळ झाली नसती, असे माझे मत आहे. तशी साधने घडवणारा माणूस जुनाट कसा?

आणखी एक हकिकत सांगते. कोबोलची समिती काम करत असतानाच हॉवर्ड ब्रॉम्बर्ग या तिच्या एका सदस्याने, काम रखडल्याच्या वैतागातून, ‘कोबोल’ असे कोरलेला कबरीचा दगड चार्ल्स फिलिप्स यांना पाठवून दिला होता. तो दगड आज कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू इथल्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे, आणि भाषेचे सर्वांत नवे मानक २०२३ चे आहे.

गाईडना भेटण्याआधी या आठवड्यात एवढे करा. तीन पॅरेग्राफांचा, तीसेक ओळींचा प्रोग्राम लिहा. मधला पॅरेग्राफ परफॉर्म करा, त्यातून ‘गो टू’ने बाहेर उडी मारा आणि नंतर त्याच पॅरेग्राफात वरून चालत या. ग्नू-कोबोलला फक्त सीमध्ये भाषांतर करून थांबायला सांगणारा पर्याय आहे. तो वापरा आणि तयार झालेल्या फाईलमध्ये मधला पॅरेग्राफ जिथे संपतो ती जागा शोधा. तिथे एक छोटे ‘इफ’ दिसेल. तेच ते दार. मग तोच प्रोग्राम जीसीसीच्या कोबोलमधून चालवा, दोन्हींची उत्तरे शेजारीशेजारी कागदावर मांडा, आणि तो कागद घेऊन गाईडकडे जा.